डाव्या नाकपुडीतला वास

“डॉक्टर, घाण वास येतोय.”

कान-नाक-घशाच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं आणि त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही. मराठीत वासाला विशेषणांचा तुटवडा नाही. कुबट, कुजकट, करपट, खवट, आंबूस, ओशट, उग्र, कोंदट, हवं ते उचला. पण रुग्ण खुर्चीत बसला की हे सगळे शब्द दाराबाहेर राहतात आणि आत येतो तो एकटा ‘घाण’.

हे प्रकरण अशाच एका वाक्याचं आहे. सायनसच्या शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांत एकाच गृहस्थांनी मला हे वाक्य पाच वेळा सांगितलं, आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा होता. त्यातला एक अर्थ माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण माझी चूक आहे तशी ठेवली आहे.

आधीचं चित्र

वय ४६, काम हिशेब तपासण्याचं. नाक सतत चोंदलेलं, दोन्ही बाजूंना पॉलिप (सुजलेल्या अस्तराचे लोंबते मऊ फुगे), आणि तीन वर्षांपासून वास जवळपास बंद. स्टिरॉइडचे फवारे झाले, मिठाच्या पाण्याने नाक धुणं झालं. दोनदा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स दिला होता आणि दोन्ही वेळा आठवडा-दहा दिवस वास परत येऊन पुन्हा गेला होता. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. गोळ्यांनी चार दिवस का होईना वास येत असेल, तर वासाच्या पेशी जिवंत आहेत. अडचण सुजेची आणि अडथळ्याची आहे.

वास ओळखणारा भाग नाकात अगदी वर, छताला असतो. प्रत्येक बाजूला साधारण पोस्टाच्या तिकिटाएवढा. तिथल्या चेतापेशींचे तंतू चाळणीसारख्या पातळ हाडातून वर जाऊन थेट मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेले असतात. पॉलिप आणि सूज यांनी तिथली अरुंद फट बुजली की हवा खालून जाते-येते, श्वास चालतो, पण वासाचे कण वर पोचत नाहीत. शिवाय सूज त्या पेशींनाही त्रास देत असते. दोन्ही कारणं एकाच वेळी चालू असतात, म्हणून ‘पॉलिप काढले की वास आलाच पाहिजे’ असं वचन मी कुणाला देत नाही.

सोळा पेनांची वास ओळखण्याची चाचणी घेतली. पेनाचं टोपण काढायचं, नाकाखाली धरायचं आणि चार पर्यायांतून एक निवडायचा. सोळापैकी पाच बरोबर आले. चारांतून एक निवडायचा असल्याने नुसते अंदाज मारले तरी सरासरीने चार बरोबर येतात, म्हणजे हे पाच कुठे बसतात ते दिसतंच.

सीटीत सगळ्या सायनस-पोकळ्या भरलेल्या होत्या, डाव्या गालामागची जरा जास्तच. ‘दोन्हीकडे पॉलिप, एका बाजूला थोडं अधिक’ असं मी मनात म्हटलं आणि पुढे गेलो. या वाक्याकडे परत यायचं आहे.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पॉलिप काढले, सायनसची तोंडं मोठी केली, दोन नाकपुड्यांमधला वाकडा पडदा सरळ केला आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या बसवल्या. शस्त्रक्रिया म्हणून विशेष सांगण्यासारखं काही घडलं नाही.

पहिला वास

चौथ्या दिवशी फोन आला. “नाकात सतत गंजलेल्या लोखंडासारखं येतंय. आणि त्याच्या मागे काहीतरी आंबलेलं.”

वर्णन चोख होतं. लोखंडासारखा वास रक्ताचा. आंबलेला वास पट्ट्यांचा. नाकात बाहेरची वस्तू आठवडाभर राहिली की तिच्यावर रक्त, शेंबूड आणि जंतू यांचा थर बसतो आणि तो वास मारायला लागतो. ताप नाही, डोळ्याभोवती सूज नाही, दुखणं दिवसागणिक कमी होतंय, म्हटल्यावर थांबायचं. सातव्या दिवशी पट्ट्या काढल्या तेव्हा तो वास खोलीत मलाही आला. ते ओशाळले. मी सांगितलं की या पट्ट्या कोणाच्याही नाकातून निघाल्या तरी अशाच निघतात.

त्याच भेटीत ते म्हणाले की वरचे पुढचे दात बधिर लागतात. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे होतं. पडद्याच्या तळातून टाळूकडे उतरणारी एक बारीक चेतातंतूंची जोडी दुखावते आणि पुढच्या दातांमागची जागा काही आठवडे ते काही महिने बधिर राहते. “दातांचं मनावर घेऊ नका, जाईल,” असं मी म्हणालो. पुढच्या दातांपुरतं ते खरं होतं.

पहिल्या दोन आठवड्यांच्या सूचना नेहमीच्याच. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, वाकून जड उचलायचं नाही, झोपताना डोकं उंच, आणि दिवसातून निदान दोनदा मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. पाणी उकळून गार केलेलं किंवा ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड). यावर मी अडून बसतो. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाचं पाणी तसंच नाक धुवायला वापरलेले दोघेजण नेग्लेरिया फाउलेरी या अमिबाच्या संसर्गाने दगावले. हा संसर्ग फार दुर्मीळ आहे, पण तो नाकातूनच वर चढतो आणि झाला तर बहुतेक वेळा जीव घेतो. खळखळ उकळी एक मिनिट, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटं. एवढ्यासाठी धोका कशाला घ्यायचा?

दुसरा वास, आणि एक बाटली

सोळाव्या दिवशी ते ठरल्या वेळेआधीच आले. आता वास लोखंडाचा नव्हता. पुन्हा ‘घाण’. मी विशेषण मागितलं. थोडा विचार करून ते म्हणाले, “फुलदाणीतलं आठवड्याचं पाणी.” हे ऐकून मला बरं वाटलं, कारण आता शोधायला काहीतरी हाती होतं.

दुर्बीण घातली. डावीकडे मधल्या फटीत अंगठ्याच्या नखाएवढी खपली, वरून तपकिरी, खालून हिरवट, आणि तिच्यामागे साचलेला चिकट शेंबूड. नाकाचं अस्तर एरवी स्वतःला झाडून काढत असतं. पेशींवरचे सूक्ष्म केस सतत एका लयीत हलतात आणि शेंबडाचा थर मागे घशाकडे ढकलतात. शस्त्रक्रियेनंतर ही झाडलोट बंद पडते आणि पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर खपल्या आपोआप हलत नाहीत. त्या पाण्याने भिजवायच्या आणि डॉक्टरांनी दुर्बिणीखाली उचलून काढायच्या. खपली निघाली तसे ते म्हणाले, “गेला.” आणि थोड्या वेळाने, “बराचसा.”

नाक किती वेळा धुता, हे मी विचारलं. दोनदा सांगितलं होतं, ते एकदाच धूत होते, तेही घाबरत घाबरत, कारण एकदा पाणी कानात गेल्यासारखं झालं होतं. बाटली घेऊन यायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी बाटली आली. बाहेरून लख्ख. मी टोपण फिरवून आतली नळी ओढून काढली. नळीच्या खालच्या टोकाला बोटभर लांबीचा करडा-काळपट बुळबुळीत थर होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मी अजून विसरलो नाही. आपण दोन आठवडे हे नाकात सोडत होतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं. दर वेळी टोपण घट्ट लावून ते बाटली ओली ठेवत होते. ओलं प्लास्टिक आणि बंद झाकण, जंतूंना एवढं पुरतं. नवी बाटली आणा, दर वापरानंतर सगळे भाग सुटे करून धुवा, झटकून उघडे वाळवा आणि तीन महिन्यांनी बाटली बदला, असं सांगितलं.

निघताना दारात थांबून ते म्हणाले, “डावीकडे वरच्या दाढेवर दाबलं की जरा वेगळं लागतं.”

“पडद्याचं ऑपरेशन झालंय, दातांना असं होतं,” मी म्हणालो.

दाढ आणि पुढचे दात यांच्या चेता वेगळ्या असतात, हे वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मी मात्र बाटली शोधून काढल्याच्या आनंदात होतो. एक कारण सापडलं की डोकं दुसरं शोधायचं थांबवतं.

टॉवेल आणि कॉफी

पाचव्या आठवड्यात ते हसत आत आले. तीन वर्षांत गोळ्यांशिवाय पहिल्यांदाच बाहेरच्या वस्तूचा वास आला होता, ओल्या टॉवेलचा. “कुबट!” ते म्हणाले, जणू अत्तराचं नाव सांगत होते. टॉवेल तोंडावर धरून ते न्हाणीघरात बराच वेळ उभे राहिले होते. मग साबण आला, नंतर पुस्तकाची पानं. चाचणीत आता सोळापैकी आठ.

आणि लगेच तक्रार. कॉफी बिघडली होती. घरातली नाही, सगळीकडचीच. जळक्या रबरात कुजका कांदा मिसळावा तसा वास. लसूण परतताना घराबाहेर जावं लागे. टूथपेस्टही नकोशी झाली होती.

याला पॅरोस्मिया म्हणतात. वस्तू समोर आहे, वास येतो, पण भलताच येतो. समोर काहीच नसताना वास आला तर तो फँटोस्मिया, वासाचा भास. दोन्हींची गल्लत नेहमी होते, आणि ती केवळ शब्दांची नसते, कारण दोन्हींत पुढे विचारायचे प्रश्न वेगळे आहेत.

पॅरोस्मिया का होतो, याचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण वायरिंगचं आहे. माणसाकडे वासाचे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर), म्हणजे चेतापेशींवरचे वासाचे कण पकडणारे रेणू, आहेत. या ग्राहकांच्या जनुकांचं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधलं आणि २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. कॉफीचा वास म्हणजे एक कण नाही. अनेक कण मिळून कित्येक ग्राहकांवर एकदम उठवतात तो नमुना म्हणजे कॉफी. वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात. बराच काळ दबलेल्या पेशी पुन्हा कामाला लागल्या की सगळ्या एकाच दिवशी हजर होत नाहीत. वाद्यवृंदात निम्मे वादक आले आणि त्यातले काही चुकीच्या खुर्चीवर बसले, तर चाल तीच राहूनही ओळखू येत नाही.

कॉफीच का, याचंही उत्तर बऱ्यापैकी मिळालं आहे. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीच्या वासातले घटक एकेक सुटे करून पॅरोस्मिया झालेल्या लोकांना हुंगायला दिले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सर्वांत जास्त लोकांना खटकलेला घटक निघाला २-फ्युरानमिथेनथायोल. हा गंधकयुक्त पदार्थ अत्यंत कमी प्रमाणातही नाकाला कळतो. निरोगी नाकाला तो भाजल्यासारखा, कॉफीसारखा लागतो. कांदा, लसूण, भाजलेलं आणि तळलेलं यांतही गंधकाची संयुगं असतात, म्हणून या सगळ्यांची तक्रार एका दमात येते. हे संशोधन विषाणूच्या संसर्गानंतरच्या पॅरोस्मियावरचं आहे. शस्त्रक्रियेनंतर हा त्रास त्या मानाने कमी दिसतो, पण दिसतो.

मी त्यांना समजावलं की हे सुधारणेच्या वाटेवरचं लक्षण असू शकतं. वासाचा व्यायाम सुरू केला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ साली मांडलेली ही पद्धत अगदी साधी आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास घ्यायचे. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक वास दहाएक सेकंद शांतपणे हुंगायचा, हुंगताना तो वास मुळात कसा होता ते आठवायचं, आणि हे निदान बारा आठवडे करायचं. चमत्कार होत नाही. कंटाळा मात्र हमखास येतो, म्हणून मी वही ठेवायला सांगतो. त्यांनी हिशेबाच्या वहीसारखे रकाने आखून आणले, तारीख, वेळ, वस्तू, वास, नाकपुडी. ‘नाकपुडी’ हा रकाना त्यांचा स्वतःचा होता, मी सुचवला नव्हता.

ही वही मी सातव्या आठवड्यात पाहिली आणि पाहूनही पाहिली नाही. कॉफी, लसूण, टूथपेस्ट यांच्यासमोर ‘दोन्ही’ लिहिलेलं. मधूनमधून एक वेगळी ओळ येत होती, ‘सकाळ. वस्तू: काही नाही. वास: कुजकट. नाकपुडी: डावी.’ पुढच्या पानावर पुन्हा. त्याच्या पुढे पुन्हा, शेजारी ‘बूट घालताना’. मी हे सगळं पॅरोस्मियाच्या खात्यात टाकलं.

“मला पण येतो हो”

नवव्या आठवड्यात पत्नी सोबत आल्या. ते नेहमीचं सांगत होते, घाण वास, डावीकडून, सकाळी. मी वासाच्या व्यायामाबद्दल काहीतरी धीराचं बोलत होतो. त्या मध्येच म्हणाल्या, “पण डॉक्टर, मला पण येतो हो तो वास.”

इथे मी बोलायचं थांबलो.

पॅरोस्मिया दुसऱ्याला येत नाही. फँटोस्मिया तर नाहीच नाही. बायकोला येत असेल, तर तो वास खोलीच्या हवेत आहे, म्हणजे तो कुठेतरी तयार होतोय. कधीपासून येतो, असं विचारलं तर त्या अवघडल्या. “ऑपरेशनच्या आधीपासून. बोलताना जवळ आले की यायचा. पण ह्यांना सांगून काय उपयोग, ह्यांना कुठे कसला वास येत होता.”

या एका वाक्याने गेल्या दोन महिन्यांचं सगळं उलटं झालं. तो वास शस्त्रक्रियेनंतर सुरू झालाच नव्हता. शस्त्रक्रियेने फक्त तो घेऊ शकणारं नाक त्यांना परत दिलं होतं, आणि पोकळीचं तोंड उघडून आतली घाण बाहेर यायला वाटही करून दिली होती.

दुर्बीण घातली, आणि या वेळी त्यांना डोकं खाली घालून दोन मिनिटं बसवल्यावर घातली. डाव्या गालामागच्या सायनसच्या तोंडातून पिवळसर पातळ पुवाची एक रेघ खाली सरकत होती. खपली नव्हती. उजवी बाजू स्वच्छ, गुलाबी. तोंड अरुंद झालं आहे का ते पाहिलं, चिकटून पडदा झाला आहे का तेही पाहिलं. आणखी एक शक्यता होती. सायनसचं नैसर्गिक तोंड आणि शस्त्रक्रियेत केलेलं तोंड वेगवेगळं राहिलं, तर शेंबूड एकातून बाहेर येऊन दुसऱ्यातून परत आत जातो आणि गोल फिरत सडतो. शेंबूड कसाही असला तरी नैसर्गिक तोंडाकडेच वाहतो, हे ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं होतं, आणि आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया त्याच निरीक्षणावर उभी आहे. इथे दोन्ही तोंडं नीट एक झालेली होती. पुवाचा नमुना तपासणीला पाठवला.

मग जुना सीटी उघडला. पॉलिप बघायला नाही, खालून वर बघायला. डावीकडची वरची पहिली मोठी दाढ, कधीकाळी रूट कॅनल केलेली. तिच्या एका मुळाच्या टोकाभोवती काळा गोल, आणि त्या गोलाच्या वर सायनसच्या तळाचं हाड तुटलेलं. शस्त्रक्रियेच्या आधीचा सीटी. अहवालात दाताचा उल्लेख नव्हता, पण अहवालावर ढकलून चालणार नाही, चित्र माझ्याही समोर होतं. सायनसच्या सीटीत सायनस बघायचे आणि दातांच्या मुळांवरून नजर सरकवायची, ही आमच्या क्षेत्रातली जुनी खोड आहे. दोन्हीकडे पॉलिप असल्यामुळे एका बाजूला वेगळं काही चालू असेल, हे मी मनातच आणलं नाही. एका माणसाला दोन आजार असायला कोणाची परवानगी लागत नाही.

दाढ दुखत का नव्हती? रूट कॅनल केलेल्या दाताच्या आतली चेता काढलेली असते, तो दात कळ देत नाही. आणि मुळाशी झालेल्या पुवाला वर सायनसमध्ये वाट मिळाली की दाबही तयार होत नाही. वरच्या दाढांची मुळं सायनसच्या तळाला इतकी खेटून असतात की काहींच्या बाबतीत मध्ये पातळ अस्तराखेरीज काहीच नसतं. तिथे वाढणारे जंतू बहुतेक प्राणवायूशिवाय जगणारे असतात, आणि त्यांच्या कामातून गंधकाची व इतर उग्र वासाची संयुगं सुटतात. म्हणून एकाच बाजूने येणारा कुजकट वास, जो दुसऱ्यालाही येतो आणि वाकल्यावर वाढतो, हे दातातून आलेल्या सायनसच्या संसर्गाचं अगदी पाठ्यपुस्तकी लक्षण आहे. बूट घालताना! वहीत तसं लिहिलेलं होतं.

मी त्यांना सरळ सांगितलं की हे मला आधी दिसायला हवं होतं. ते काही बोलले नाहीत. पत्नी म्हणाल्या, “म्हणजे दाढेचं त्यांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?” सांगितलं होतं.

दंतवैद्यांनी दाताचा बारकाईचा थ्रीडी स्कॅन केला. मुळाला उभी चीर होती, त्यामुळे पुन्हा रूट कॅनल करून उपयोग नव्हता. दाढ काढली, तळाची जागा नीट बंद केली, प्रतिजैविकं दिली. नुसती प्रतिजैविकं देऊन हा वास दोन आठवडे दबवता आला असता. दाढ तिथेच राहिली असती तर तो परत आला असता, आणि मग पुन्हा शस्त्रक्रियेची चर्चा सुरू झाली असती. दाढ काढल्यानंतर दहाव्या दिवशी डावीकडची रेघ बंद झाली. वहीतल्या ‘डावी’ असलेल्या ओळी तिसऱ्या आठवड्यात थांबल्या.

रात्रीचा धूर

एवढ्यात अकराव्या आठवड्यातली ती रात्र आली. पहाटे तीनच्या सुमाराला ते धुराच्या वासाने जागे झाले. घरभर फिरले, स्वयंपाकघर, दिव्यांची बटणं, शेजारचा दरवाजा. काही नव्हतं. पत्नीला उठवलं, तिला काहीही येत नव्हतं. वास अर्धा-पाऊण तास राहिला. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा तसंच झालं.

हा पाचवा ‘घाण वास’, आणि या वेळी खरोखर भास. इथे विचारायच्या गोष्टी वेगळ्या. भास किती वेळ टिकतो? दर वेळी हुबेहूब तोच, काही सेकंद ते एक-दोन मिनिटं, आणि त्याबरोबर पोटातून वर काहीतरी चढल्यासारखं होणं, आधी घडून गेल्याचा भास, टक लावून बसणं किंवा भान हरपणं असं काही असेल, तर तो मेंदूच्या कानशिलामागच्या भागातल्या झटक्याचा (अपस्माराचा) प्रकार असू शकतो आणि मेंदूविकार तज्ज्ञांकडे पाठवावं लागतं. अर्धशिशीतही असा वास येतो. एक नाकपुडी दाबून धरल्यावर वास जातो का? जात असेल, तर उगम बहुधा नाकातच. त्यांना नाकपुडी दाबल्यावर तो बराच कमी व्हायचा. बाकीची लक्षणं एकही नव्हती, दुर्बिणीत नाक स्वच्छ होतं. मिठाच्या पाण्याने धुणं चालू ठेवून थांबलो. महिनाभरात तो आपणहून विरळ झाला.

पण एक गोष्ट बजावून सांगितली. खोटा धूर येतो म्हणून खऱ्या धुराकडे दुर्लक्ष करायचं नाही, आणि नाकावर विसंबूनही राहायचं नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा मर्कॅप्टन मिसळतात, आणि तोही गंधकयुक्तच, म्हणजे बिघडलेलं नाक नेमकं जिथे चुकतं तिथलाच. घरात धूर आणि गॅस ओळखणारी यंत्रं बसवायला लावली. उरलेल्या अन्नाची डब्यावर तारीख.

ज्या गोष्टींची मी दर भेटीत चौकशी करत होतो आणि ज्या त्यांना सुदैवाने झाल्या नाहीत, त्याही इथे लिहून ठेवतो. वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ, खारट किंवा धातूच्या चवीचं टपटप गळणं हे मेंदूभोवतीच्या द्रवाच्या गळतीचं लक्षण असू शकतं. त्या द्रवात बीटा-२ ट्रान्सफेरिन हे प्रथिन सापडतं का ते तपासतात. दृष्टी अंधूक होणं, एकाचे दोन दिसणं, डोळा सुजणं, मान ताठ होणं, प्रचंड डोकेदुखी, ताप, न थांबणारं रक्त, यांतलं काहीही दिसलं तर फोनवर वर्णन ऐकत बसायचं नसतं, लगेच बोलवायचं.

सहा महिन्यांनी

शेवटच्या भेटीत चाचणीत सोळापैकी बारा आले. चुकलेल्या चारांपैकी दोनांत ते आधी बरोबर बोलले होते आणि मग मत बदललं, हे त्यांनीच हसत दाखवून दिलं. स्टिरॉइडचा फवारा आणि नाक धुणं चालूच राहणार आहे. पॉलिपचा आजार शस्त्रक्रियेने आटोक्यात येतो, मुळापासून जात नाही, आणि हे त्यांना आधीपासून माहीत आहे. बाटली ते आता सुटी करून उलटी वाळवतात. पुढचे दात बधिर होते ते चौथ्या महिन्यात सुटले.

वही सोबत होती. शेवटच्या पानावर कॉफीच्या ओळीत ‘जळकं रबर’ खोडून काहीतरी वेगळं लिहिलेलं दिसलं, म्हणून मी विचारलं.

“रबर गेलं,” ते म्हणाले. “पण कॉफी अजून आली नाहीये. मधलंच काहीतरी येतंय. त्याला काय म्हणायचं ते मला सुचेना, म्हणून तूर्तास ‘करपट’ लिहिलंय.”